जुन्या पिकअपला डिस्क ब्रेक : वाचकांचे प्रश्न आणि उत्तरे

प्रश्न : आमच्या आजोबांनी घेतलेली 1952 सालची शेवरोलेट 3100 पिकअप आजही आमच्या घरी आहे. गाडी उजव्या हाताच्या स्टिअरिंगची असून इंजिनाचे काम अलीकडेच करून घेतले आहे. चारही चाकांना मूळचे ड्रम ब्रेक आहेत. गेल्या पावसाळ्यात त्र्यंबकेश्वरहून परतताना रस्त्यावर साचलेल्या पाण्यातून गाडी गेली आणि त्यानंतर बराच वेळ ब्रेक लागेनासे झाले. एरवीही जोरात ब्रेक मारल्यावर गाडी डावीकडे ओढते आणि पेडल कधी कधी दोनदा पंप करावे लागते. जुन्या गाड्यांच्या मेळाव्यासाठी ती कसारा घाट उतरून ठाण्याला नेण्याची इच्छा आहे. द्वारका भागातील एक मिस्त्री म्हणतात की, सध्याच्या एखाद्या पिकअपची डिस्क आणि कॅलिपर पुढच्या एक्सलला वेल्डिंग करून बसवता येईल. एका मित्राचा सल्ला अमेरिकेहून तयार किट मागवण्याचा आहे. यांपैकी काय करावे? – एक वाचक, गंगापूर रोड, नाशिक

उत्तर : आपल्या पत्रात तीन तक्रारी आहेत आणि त्यांपैकी एकच तक्रार ड्रम ब्रेकच्या रचनेतून आलेली आहे. पाण्यातून गेल्यावर ब्रेक न लागणे हा ड्रमचा अंगभूत दोष होय. आत शिरलेले पाणी लायनर (शू या कमानदार पट्टीवर बसवलेला, घासणारा थर) आणि ड्रम यांच्यामध्ये राहते, घर्षण एकदम कमी होते आणि ड्रम चहूबाजूंनी बंद असल्यामुळे ते पाणी लवकर निघून जात नाही. डिस्क उघडी असते. चाक फिरताच पाणी बाहेर फेकले जाते आणि उरलेले पॅड पुसून काढतात. इगतपुरी-त्र्यंबकच्या पावसात गाडी चालवणाऱ्याला हा फरक पहिल्याच दिवशी कळतो.

गाडी एका बाजूला ओढणे आणि पेडल पंप करावे लागणे या दोन तक्रारी मात्र देखभालीच्या आहेत. त्या तशाच ठेवून डिस्क बसवल्या तर खर्च होईल आणि तक्रारींपैकी निदान एक तरी उरेल. म्हणून कोणतेही किट मागवण्याआधी चारही ड्रम उतरवून पाहावेत. गाडी डावीकडे ओढते याचा अर्थ बहुतेक वेळा डावा ब्रेक उत्तम आहे असा नसून उजवा ब्रेक काम करत नाही असा असतो. व्हील सिलिंडरच्या (चाकातल्या, ऑइलच्या दाबाने शू ढकलणाऱ्या सिलिंडरच्या) टोकावरचे रबरी बूट नखाने किंचित उचलावे; आत ओल दिसली तर रबर कप गेले आहेत आणि ब्रेक ऑइल आज ना उद्या लायनरपर्यंत पोहोचणार आहे. पिस्टन हाताने दाबून हलतो की गंजून अडकला आहे, हेही तेव्हाच कळते. सत्तर वर्षांच्या गाडीत रबरी हौज पाइप बाहेरून धडधाकट दिसतो, पण आतून फुगून त्याचे छिद्र अरुंद झालेले असते. पायाच्या जोराने ऑइल पुढे जाते, परंतु पाय काढल्यावर परत येत नाही आणि ते चाक गरम राहते. आपल्या गाडीचे ड्रम 11 इंची आहेत. त्या मापाचा ड्रम साधारणपणे दीड मिलिमीटरपर्यंत मोठा होईतो लेथवर टर्न करता येतो; त्यापलीकडे तो बदलावा. टर्न केलेल्या ड्रमला जुन्याच गोलाईचे लायनर लावले तर शू फक्त मधोमध टेकतो, म्हणून लायनर ड्रमच्या गोलाईशी जुळवून घासून घ्यावे लागतात. हे काम हल्ली कोणी करत नाही, अशी तक्रार सर्रास ऐकू येते. पण अंबड आणि सातपूरच्या औद्योगिक वसाहतींत लेथवर हात बसलेले टर्नर ज्या शहरात आहेत, तिथे हे कारण पटण्यासारखे नाही.

हे काम चालू असताना एक काळजी घ्यावी. त्या काळच्या लायनरमध्ये ॲस्बेस्टॉस असे. ड्रममधली काळी भुकटी कॉम्प्रेसरच्या हवेने उडवू नये, तर ओल्या फडक्याने पुसून ते फडके पिशवीत बंद करून टाकावे. गॅरेजमध्ये हवेचा पाइप हाताशीच लटकत असतो, म्हणून हे मिस्त्रींना आधीच सांगून ठेवलेले बरे.

आता आमचे स्पष्ट मत. आपल्या गाडीतला सर्वांत धोकादायक भाग ड्रम नसून मास्टर सिलिंडर, म्हणजे पेडल दाबताच चाकांकडे ऑइल ढकलणारा सिलिंडर, आहे. तो केबिनच्या फरशीखाली, चॅसिसला लागून असतो आणि त्यात एकच पिस्टन व एकच कप्पा असतो. चारही चाके त्या एकाच नळीवर अवलंबून आहेत. एक हौज फुटला किंवा एका व्हील सिलिंडरचा कप उलटला की पेडल थेट फरशीला टेकते आणि हातात उरतो तो फक्त हँडब्रेक. अमेरिकेत 1960 च्या दशकाच्या अखेरीस नव्या मोटारींना पुढची आणि मागची चाके स्वतंत्र ठेवणारी दुहेरी यंत्रणा सक्तीची झाली, ती याच कारणाने. आपल्या गाडीसाठी पैशांची तरतूद एकाच कामापुरती असेल, तर ती दोन कप्प्यांच्या मास्टर सिलिंडरवर, नव्या नळ्यांवर आणि हौज पाइपांवर खर्च करावी आणि ड्रम नीट करून तेच ठेवावेत. डिस्क हा त्यानंतरचा टप्पा आहे. एकेरी मास्टर सिलिंडर ठेवून पुढे चकचकीत डिस्क लावलेली गाडी पाहिली की आम्हांला मालकाच्या हौसेचे कौतुक वाटते आणि त्याच्या शेजारी बसणाऱ्याची काळजी वाटते.

दुसऱ्या टप्प्याला जायचेच असेल, तर आधी ड्रम आणि डिस्क यांच्या कामातला फरक समजून घ्यावा, कारण पुढचे सगळे निर्णय त्यावर ठरतात. 1951 पासून शेवरोलेटने या पिकअपना बेंडिक्स पद्धतीचे ब्रेक दिले. त्यात चाक फिरत असताना पहिला शू ड्रमबरोबर ओढला जातो आणि तो दुसऱ्या शूला रेटतो. उतारावर गाडीच्या चाकाखाली लावलेली उटी जशी चाकाच्या रेट्यानेच अधिक घट्ट रुतते, तसाच हा प्रकार आहे. म्हणून बूस्टर (पायाच्या जोराला जोड देणारे साधन) नसतानाही एवढी गाडी पायाच्या जोरावर थांबते. डिस्कला अशी फुकटची मदत मिळत नाही. पॅड दोन्ही बाजूंनी सरळ दाबले जातात आणि जेवढा दाब नळीतून येईल तेवढाच ब्रेक लागतो. त्यामुळे डिस्कला ऑइलचा दाब बराच जास्त लागतो. कडक ब्रेक मारताना तो साधारणपणे दर चौरस सेंटिमीटरला 60 ते 70 किलोपर्यंत पोहोचावा लागतो.

हा दाब कुठून येणार, याचा हिशेब घरी बसून करता येतो. समजा, आपण पेडलवर 40 किलोचा जोर दिला आणि पेडलची तरफ 1 ला 6 या प्रमाणात आहे. म्हणजे मास्टर सिलिंडरच्या दांड्यावर 240 किलो जोर पडेल. सिलिंडरचा व्यास 1 इंच असेल तर दर चौरस सेंटिमीटरला सुमारे 47 किलो दाब मिळतो. तोच व्यास 7/8 इंच असेल तर सुमारे 62 किलो. म्हणजे बूस्टर नसेल तर लहान व्यासाचा सिलिंडर हवा. परंतु लहान सिलिंडर एका दाबात ऑइलही कमी ढकलतो आणि कॅलिपरचा (डिस्कवर पॅड दाबणाऱ्या भागाचा) पिस्टन व्हील सिलिंडरच्या मानाने खूप मोठा असल्यामुळे पेडल खोल जाऊ लागते. मोठा सिलिंडर घातला तर पेडल वर राहते पण पाय दुखेपर्यंत दाबावे लागते. या दोहोंमधला मार्ग म्हणजे व्हॅक्यूम बूस्टर. मग 1 ते 1 1/8 इंचाचा सिलिंडर चालतो आणि पेडलची तरफ 1 ला 4 च्या आसपास पुरते. आपल्या गाडीचे इंजिन पेट्रोलचे असल्यामुळे मॅनिफोल्डमधून (इंजिनात हवा नेणाऱ्या नळीतून) व्हॅक्यूम मिळेल, मात्र ऐडलिंगला तो पाऱ्याच्या 16 ते 18 इंचांइतका तरी भरला पाहिजे. एका साध्या गेजने ही तपासणी पाच मिनिटांत होते. इंजिनाचे काम नुकतेच झालेले आहे, तेव्हा आकडा चांगला यायला हरकत नाही.

वेल्डिंगच्या सूचनेबद्दल आमचे उत्तर ‘नाही’ असे आहे आणि त्याला पर्याय नाही. पुढचा स्टब एक्सल घडीव पोलादाचा असतो. त्यावर वेल्डिंगची उष्णता गेली की त्या जागेचे पोलाद ठिसूळ होऊ शकते आणि जोडाच्या कडेला बारीक तडा जातो, जो रंगाखाली दिसत नाही. ब्रेक मारताना त्या ब्रॅकेटवर येणारा पीळ सगळा त्या तड्यावर येतो. ब्रॅकेट नेहमी बोल्टने बसवावे आणि त्यासाठी मूळची बॅकप्लेट (ड्रममागची, शू धरून ठेवणारी ताटली) ज्या छिद्रांवर बसते तीच छिद्रे वापरावीत. स्थानिक टर्नरकडून ब्रॅकेट करून घ्यायचे असेल तर 10 ते 12 मिलिमीटर जाडीची सपाट प्लेट, मशीनवर केलेली छिद्रे आणि 8.8 किंवा त्यावरच्या ग्रेडचे बोल्ट, यापेक्षा कमी काही स्वीकारू नये. डिस्क कॅलिपरच्या बरोबर मधोमध फिरली पाहिजे आणि डायल गेज लावून पाहिल्यास तिचे डोलणे 0.1 मिलिमीटरच्या आत असले पाहिजे. सध्याच्या पिकअपची डिस्क चालेल का, हे तिच्या नावावरून ठरत नाही. हबचे भोक, बोल्टांच्या वर्तुळाचा व्यास, डिस्कची खोली आणि बेअरिंगचे माप ही चार मापे जुळली तर ती चालेल. आपल्या गाडीच्या चाकाला साडेपाच इंची वर्तुळावर सहा बोल्ट आहेत.

तयार किटचा फायदा हा की, ही जुळवाजुळव दुसऱ्या कोणी आधीच केलेली असते. शेवरोलेटने आपल्या पिकअपना 1971 पासून पुढे डिस्क ब्रेक दिले आणि जुन्या मॉडेलसाठी मिळणारी बरीचशी किटे त्याच जातीच्या डिस्क आणि कॅलिपरवर बेतलेली असतात, त्यामुळे पॅड आणि सीलचे सुटे भाग पुढेही मिळत राहतात. मूळच्या हबमध्ये बॉल बेअरिंग असतात. चांगल्या किटमध्ये त्यांच्या जागी टेपर रोलर बेअरिंग येतात आणि ही सुधारणा स्वतंत्रपणेही करण्यासारखी आहे. मात्र मागणी नोंदवण्याआधी विक्रेत्याला तीन प्रश्न लेखी विचारावेत. पहिला, या किटमुळे चाक किती बाहेर सरकते? काही किटांत ते प्रत्येक बाजूला बऱ्यापैकी सरकते आणि मग पूर्ण वळणावर टायर मडगार्डला घासतो व स्टिअरिंग जड होते. दुसरा, मूळचे 16 इंची चाक कॅलिपरवरून जाते का? न गेल्यास चाकेही बदलावी लागतील आणि गाडीची शान निम्मी जाईल. तिसरा प्रश्न आपल्याकडच्या गाड्यांपुरता आहे : मास्टर सिलिंडरचे आणि बूस्टरचे ब्रॅकेट उजव्या हाताच्या स्टिअरिंगला बसते का? अमेरिकन किटमधले ब्रॅकेट तिथल्या डाव्या हाताच्या गाडीसाठी केलेले असते. चाकांकडचे भाग दोन्हीकडे सारखेच चालतात, परंतु पेडलकडचा भाग बहुधा इथेच करून घ्यावा लागेल. सीमाशुल्क आणि जहाजभाडे धरून हिशेब केला तर पेडलकडचा भाग किटमधून वगळून फक्त चाकांकडचे भाग मागवणे शहाणपणाचे ठरते.

मागचे ड्रम तसेच ठेवावेत. ब्रेक मारताना वजन पुढे येते आणि रिकाम्या पिकअपचा मागचा भाग तर मुळातच हलका असतो. तिथे जास्त ताकदीचा ब्रेक लावून काही साधत नाही. शिवाय हँडब्रेकची केबल मागच्या शूंवरच काम करते. मागेही डिस्क लावल्या तर हँडब्रेकची सोय असलेले वेगळे कॅलिपर शोधत बसावे लागते.

पुढे डिस्क आणि मागे ड्रम अशी जोडी झाली की नळ्यांमध्ये तीन छोट्या वस्तू लागतात आणि नेमक्या त्याच गॅरेजमध्ये विसरल्या जातात. मास्टर सिलिंडर फरशीखाली राहणार असेल तर तो कॅलिपरपेक्षा खाली येतो आणि गाडी उभी असताना ऑइल कॅलिपरमधून मागे उतरते. सकाळी पहिले पेडल रिकामे जाते. ते टाळण्यासाठी पुढच्या नळीत 2 पीएसआयचा (दर चौरस इंचाला 2 पौंड) रेसिड्युअल व्हॉल्व्ह, म्हणजे नळीत थोडा दाब राखून ठेवणारी झडप, लावतात. मागच्या ड्रमच्या नळीत 10 पीएसआयचा लागतो, जेणेकरून व्हील सिलिंडरचे कप फुगलेले राहतील आणि हवा आत ओढली जाणार नाही. यांची अदलाबदल झाली तर पुढचे पॅड सतत डिस्कला घासत राहतात. ड्रमसाठी केलेल्या काही मास्टर सिलिंडरमध्ये 10 पीएसआयचा व्हॉल्व्ह आतच असतो, त्यामुळे नवा सिलिंडर घेतानाच ते विचारून घ्यावे. तिसरी वस्तू म्हणजे मागच्या ब्रेकचा दाब कमी ठेवणारा, मागच्या नळीतला प्रपोर्शनिंग व्हॉल्व्ह. तो फिरवून कमी-जास्त करता येणारा घ्यावा. मागची चाके पुढच्यांच्या आधी लॉक झाली तर गाडी आडवी फिरते, म्हणून व्हॉल्व्ह असा लावावा की, ओल्या जमिनीवर रिकाम्या गाडीत जोरात ब्रेक मारला असता पुढची चाके आधी लॉक होतील. ही चाचणी मालकाच्या परवानगीने एखाद्या मोकळ्या मैदानात आणि कमी वेगात करावी, कॉलेज रोडवर सकाळी सहाला नव्हे.

नळ्या पोलादाच्या किंवा क्युप्रोनिकेलच्या (तांबे-निकेलच्या मिश्रधातूच्या) घ्याव्यात आणि त्यांच्या टोकांना दुहेरी फ्लेअर करावा, म्हणजे टोक रुंद करून दुहेरी दुमडावे. साधी तांब्याची नळी वाकवायला सोपी म्हणून काही ठिकाणी वापरतात. ती कंपनाने कडक होऊन चिरते. हवा काढताना आधी मास्टर सिलिंडर टेबलावर व्हाइसमध्ये धरून त्यातली हवा काढावी आणि मगच तो गाडीला बसवावा. अमेरिकन पुस्तिकेत हवा काढण्याची सुरुवात मागच्या उजव्या चाकापासून करायला सांगितलेली असते, कारण तिथे ते चाक मास्टर सिलिंडरपासून सर्वांत दूर असते. आपल्या गाडीत ते मागचे डावे चाक आहे. तिथून सुरुवात करून मागचे उजवे, पुढचे डावे आणि शेवटी पुढचे उजवे असे यावे. एवढे करूनही पेडल स्पंजासारखे राहिले तर कॅलिपरचा ब्लीडर निपल (हवा बाहेर काढण्याचे तोंड) पाहावा. तो वरच्या बाजूला असला पाहिजे. डावा-उजवा कॅलिपर अदलाबदल होऊन बसला की निपल खाली जातो आणि वर साठलेली हवा काही केल्या निघत नाही. मिस्त्री बाटलीमागून बाटली ऑइल ओततात आणि दोष मास्टर सिलिंडरला देतात.

आता कसारा घाट. इगतपुरीहून कसाऱ्याला उतरताना उंची सुमारे 300 मीटरनी कमी होते. माणसे आणि सामान धरून गाडी 2 टनांची मानली, तर ताशी 60 किलोमीटर वेगावरून ती एकदा पूर्ण थांबवताना ब्रेकमध्ये सुमारे 280 किलोज्यूल उष्णता जाते. घाट नुसत्या ब्रेकवर उतरवला तर तोच आकडा 5,900 किलोज्यूलच्या जवळ जातो, म्हणजे तशा वीस-एकवीस थांब्यांची उष्णता अवघ्या काही मिनिटांत. ड्रम तापून फुगतो आणि शूपासून दूर जातो, लायनरचे घर्षण घटते, पेडल खाली खाली जाऊ लागते. डिस्क तापली तर पॅडच्या दिशेने जाड होते आणि उघड्यावर असल्याने लवकर निवते, म्हणून ती या परीक्षेत जास्त वेळ टिकते. तरीही ही उष्णता ब्रेकच्या वाट्याला येऊ न देणे हाच खरा उपाय आहे. घाट सुरू होण्याआधीच खालचा गिअर घ्यावा आणि इंजिनाला गाडी धरू द्यावी. चांदवडजवळच्या राहुड घाटात ब्रेक निकामी झाल्याच्या बातम्या आपण वर्षानुवर्षे वाचतो आणि त्या गाड्यांचे ब्रेक आपल्या शेवरोलेटपेक्षा कितीतरी आधुनिक असतात. नवे पॅड बसवल्यावर लगेच घाटात जाऊ नये. सपाट रस्त्यावर मध्यम वेगावरून, गाडी पूर्ण न थांबवता, मध्ये थंड होऊ देत काही वेळा ब्रेक लावून पॅड बसू द्यावेत.

प्रश्न : माझ्याकडे जीपच्या धाटणीची जुनी डिझेल पिकअप आहे. पुढे डिस्क बसवून घेतल्या, बूस्टरही लावला, पण पेडल इतके कडक आहे की दोन्ही पाय लावावेत असे वाटते. मेकॅनिकने पॅड दोनदा बदलले. – एक द्राक्ष बागायतदार, दिंडोरी

उत्तर : पॅडचा यात काही दोष नाही. पेट्रोल इंजिनात थ्रॉटलमुळे (हवेच्या वाटेवरच्या झडपेमुळे) मॅनिफोल्डमध्ये व्हॅक्यूम तयार होतो. जुन्या डिझेल इंजिनात हवेच्या वाटेवर असा अडसर नसतो, त्यामुळे बूस्टरला जोडलेली नळी मॅनिफोल्डवर गेली असेल तर बूस्टर नुसता शोभेला आहे. डिझेलला वेगळा व्हॅक्यूम पंप लागतो. आपल्याकडच्या अनेक डिझेल गाड्यांत तो अल्टरनेटरच्या पाठीलाच जोडलेला येतो आणि असा अल्टरनेटर बसवणे हा सोपा मार्ग आहे. त्या पंपाला इंजिनाचे ऑइल पुरवणारी आणि परत नेणारी नळी मात्र नीट जोडली पाहिजे. बूस्टर काम करतो की नाही, हे असे पाहावे : इंजिन बंद ठेवून पेडल चार-पाच वेळा दाबावे, मग पाय पेडलवर तसाच ठेवून इंजिन सुरू करावे. पेडल पायाखाली किंचित खाली गेले तर बूस्टर चालू आहे. जागचे हलले नाही तर पंप, नळी किंवा नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह यांपैकी काहीतरी गेलेले आहे.

आपण विचारलेले नाही, तरी एक सांगणे भाग आहे. डिझेल वाचवण्यासाठी उतारावर इंजिन बंद करून गाडी सोडण्याची सवय आपल्या भागात अजूनही आहे. बूस्टरमध्ये साठलेला व्हॅक्यूम दोन-तीन वेळा ब्रेक मारला की संपतो आणि त्यानंतर आज आपल्याला जाणवते तेच कडक पेडल उतारावर, भरल्या गाडीत जाणवेल. बूस्टर लावलेल्या गाडीत ही सवय सोडावीच लागते.

प्रश्न : आमची पिकअप पन्नास वर्षांहून जुनी आहे. तिची विंटेज म्हणून नोंदणी करायची आहे. डिस्क ब्रेक बसवले तर नोंदणीला अडचण येईल का? – एक वाचक, नाशिक रोड

उत्तर : केंद्र सरकारने जुलै 2021 मध्ये विंटेज वाहनांच्या नोंदणीचे नियम अधिसूचित केले. पहिल्या नोंदणीपासून 50 वर्षांपेक्षा जुनी, मूळ स्वरूपात राखलेली आणि चॅसिस, बॉडी किंवा इंजिनात मोठा फेरबदल न झालेली दुचाकी किंवा चारचाकी या व्याख्येत बसते. नव्या नोंदणीचे शुल्क 20,000 रुपये असून ती 10 वर्षांसाठी असते आणि क्रमांकात ‘व्हीए’ ही अक्षरे येतात. व्याख्येत ब्रेकचा उल्लेख नाही. तरीही ‘मूळ स्वरूप’ या शब्दांचा अर्थ तपासणी करणारा अधिकारी लावणार आहे, हे लक्षात ठेवून बदल असा करावा की, तो बोल्ट काढून पूर्ववत करता येईल. चॅसिसला कापाकापी किंवा वेल्डिंग नको. उतरवलेले ड्रम, बॅकप्लेट, मूळचा मास्टर सिलिंडर यांना तेल लावून, चिठ्ठ्या बांधून खोक्यात ठेवावे. पुढे गाडी विकताना त्या खोक्याची किंमत आपल्याला कळेल.

गाडी साध्या नोंदणीवर ठेवायची असेल तर मोटार वाहन अधिनियम, 1988 चे कलम 52 लागू होते. नोंदणी पुस्तकातील तपशील निर्मात्याने मूळ ठरवलेल्या तपशिलाशी विसंगत होईल असा बदल त्यानुसार करता येत नाही. काम सुरू करण्याआधी प्रादेशिक परिवहन कार्यालयाकडे लेखी विचारणा करून उत्तराची प्रत ठेवावी आणि विमा कंपनीलाही बदल कळवावा. दुसरे असे की, विंटेज नोंदणीची गाडी नेहमीच्या वापरासाठी रस्त्यावर आणता येत नाही. प्रदर्शन, रॅली, तांत्रिक संशोधन, इंधन भरणे आणि देखभाल एवढ्यांपुरतीच मुभा आहे. पिंपळगावच्या बाजारात क्रेट पोहोचवायचे मनात असेल तर ‘व्हीए’चा मोह आवरावा.

प्रश्न : वर्षातले दहा महिने उभ्या राहणाऱ्या जुन्या गाडीत सिलिकॉनचे ब्रेक ऑइल घालावे, असे वाचले. आमच्या पिकअपला पुढे डिस्क आणि मागे ड्रम आहेत. सध्या डॉट 3 आहे. वरून डॉट 5 घालू का? – एक वाचक, सिन्नर

उत्तर : वरून मुळीच घालू नये. ‘डॉट’ हे ब्रेक ऑइलच्या प्रतीचे वर्गीकरण आहे. डॉट 3, डॉट 4 आणि डॉट 5.1 ही ग्लायकॉलवर आधारित ऑइल आहेत. डॉट 5 सिलिकॉनचे आहे आणि ते यांच्यात मिसळत नाही. नावातल्या आकड्यांमुळे 5 आणि 5.1 यांचा घोळ होतो, म्हणून बाटलीवर ‘सिलिकॉन’ लिहिले आहे का ते पाहावे. सिलिकॉन हवेतला ओलावा शोषत नाही आणि रंगाला इजा करत नाही, हे खरे आहे. परंतु आत शिरलेले पाणी मग नळीच्या सखल भागात वेगळे साचते आणि तिथेच गंज धरतो. शिवाय त्यात हवेचे बारीक बुडबुडे अडकून राहतात आणि पेडल कधीच पुरते घट्ट वाटत नाही. सगळी यंत्रणा उघडून, रबरी भाग नवे घालून ती कोरडी करणार असाल तरच सिलिकॉनचा विचार करावा.

आपल्यासाठी डॉट 4 पुरेसे आहे. ते डॉट 3 मध्ये मिसळले तरी चालते, पण जुने सगळे काढून नवे भरणे उत्तम. डॉट 3 चा उत्कलनबिंदू ताजे असताना किमान 205 अंश सेल्सियस असतो आणि ओलावा शोषल्यावर तो 140 पर्यंत उतरू शकतो. डॉट 4 साठी हे आकडे 230 आणि 155 आहेत. डिस्कच्या कॅलिपरमध्ये ऑइल तापलेल्या पॅडच्या अगदी पाठीशी असते, त्यामुळे ड्रमच्या काळात चालून गेलेले जुने ऑइल डिस्कमध्ये चालत नाही. दर दोन वर्षांनी, पावसाळा संपल्यावर ते बदलावे. उघडी राहिलेली अर्धी बाटली पुढच्या वर्षासाठी जपून ठेवू नये. हे ऑइल रंग उतरवते, तेव्हा मडगार्डवर फडके टाकल्याशिवाय बाटलीचे झाकण उघडू नये आणि सांडल्यास लगेच पाणी ओतावे.